नववीचा वर्ग, एक वॅटचे फलक आणि छोटे छोटे आकडे

नववीच्या वर्गाला अक्षय ऊर्जा आणि हवामानबदल हे दोन्ही भाग प्रयोग करून शिकवायचे, असं मी जूनमध्ये ठरवलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा तास झाला. काय मागवायचं, काय हमखास बिघडतं, कुठली परवानगी आधी घ्यायची आणि कुठला गाजलेला प्रयोग सरळ सोडून द्यायचा, हे आधी केलेल्या कुणीतरी लिहून ठेवलेलं मला हवं होतं आणि तेच कुठे सापडलं नाही. पाठांचे तयार आराखडे खंडीभर मिळाले. पण ते वाचताना वाटतं की ऊन वेळापत्रक बघून पडतं आणि चाळीस मुलं एका तासात वायरी जोडून, मोजून, आवरून, हात धुऊन मोकळी होतात.

मी विज्ञान शिकवते, पण सोल्डरिंग माझ्या हातचं नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सशी ओळख पदवीपुरतीच. ‘आपल्याला हे जमेल का’ असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे आधीच सांगून टाकते.

मुख्याध्यापकांकडे परवानगीसाठी दिलेला पहिला अर्ज पानभर होता आणि त्यात उद्दिष्टंच जास्त होती. तो तीन प्रश्न घेऊन परत आला: हे पाठ्यक्रमातल्या कुठल्या घटकात बसतं, मुलांना इजा व्हायची शक्यता किती, आणि तासिका कुणाच्या जाणार? प्रश्न रास्तच होते. दुसऱ्या अर्जाला मी एक तक्ता जोडला: प्रयोग, पाठ्यपुस्तकातलं प्रकरण, लागणारा वेळ, संभाव्य धोका, खबरदारी. धोक्याच्या रकान्यात ‘काही नाही’ असं कुठेही लिहिलं नाही. गरम दिवा, फिरती पाती, उन्हात उभं राहणं, काच फुटणं, सगळं नोंदवलं. धोका लिहिला की परवानगी अडेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात रिकामा रकाना बघूनच सही करणाऱ्याला जास्त धाकधूक होते. मुख्याध्यापकांनी तक्ता वाचला, पाऱ्याच्या तापमापीवर काट मारून अल्कोहोलची लिहिली आणि खाली सही केली. गच्चीवर मुलांना न्यायचं असेल तर पालकांचं संमतिपत्र वेगळं लागेल, असंही सांगितलं. आम्ही गच्ची सोडली आणि पटांगण धरलं. चाळीस संमतिपत्रं गोळा करण्यापेक्षा तेच बरं होतं.

तासिकांचा गुंता जास्त होता. हे प्रयोग सुट्या तासात होत नाहीत, जोडतास लागतो, आणि सौर प्रयोगांसाठी तो अकरा ते दोनच्या मधलाच हवा. भूगोलाच्या सरांशी अदलाबदल करून तो मिळवला. बदल्यात हवामानाच्या आलेखांचे तास त्यांनी मागून घेतले आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगले घेतले.

मग खरेदी. तयार ‘अक्षय ऊर्जा संच’ दिसायला देखणे असतात. पण एका संचाच्या किमतीत सुटं साहित्य चार गटांना पुरतं, आणि संचातला एक भाग तुटला की आख्खा संच कपाटात जातो. सुटं घ्यायची अडचण निराळी: कार्यालयाला तीन दरपत्रकं आणि पक्कं बिल लागतं, आणि सुटे भाग विकणारे बरेच जण दोन्हीला नाखूश असतात. यात जवळजवळ सगळा जुलै गेला. शेवटी एका विक्रेत्याने सगळं एकत्र द्यायचं कबूल केलं. थोडं महाग पडलं, पण बिल एकच झालं आणि लेखा विभागाचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर सौर फलक डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवायचा की उपभोग्य वस्तूंत, यावर एक छोटा शास्त्रार्थ झाला. उपभोग्यमध्ये लावता आला तर लावून घ्या. मुलांच्या हातात वस्तू द्यायच्या आहेत. एक फलक तडकला म्हणून निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून वस्तू काढून टाकायचा, प्रस्ताव कोण करत बसणार?

साहित्य येईपर्यंतचा वेळ वाया गेला नाही, उलट पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. ज्याला काहीच लागत नाही असा प्रयोग म्हणजे जिना. चाळीस किलोचं मूल तीन मीटर उंच चढलं की त्याने वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, म्हणजे सुमारे १,१७६ जूल काम केलं. चार सेकंदांत चढलं तर शक्ती जवळपास तीनशे वॅट. मुलं खूश. मग फळ्यावर एक युनिट वीज म्हणजे किती जूल ते लिहिलं: ३६ लाख. भागाकार केल्यावर कळलं की विजेच्या एका युनिटसाठी तोच जिना तीन हजारांहून जास्त वेळा चढावा लागेल. वर्गात आधी हशा पिकला, नंतर कुजबुज सुरू झाली. वॅट आणि युनिट यांतला घोळ मोठ्यांच्या बोलण्यातही असतो. तो इथे सुटला नाही तर पुढचं सगळं घोषणांच्या पातळीवर राहतं. माझ्या मते या विषयाची सुरुवात सूर्यापासून करूच नये, जिन्यापासून करावी.

दुसरं काम शाळेच्या वीजमीटरचं. मीटरच्या खोलीची किल्ली कार्यालयात, कार्यालय म्हणे मुलांना आत सोडता येणार नाही, आणि तेही बरोबरच होतं. तोडगा असा निघाला की शिपाईमामा दार उघडतील, मुलं उंबऱ्याबाहेरून आकडा वाचतील. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ यांत मात्र कुणाचाच अंदाज बरोबर आला नाही. शाळेला कुलूप असताना मीटर साडेअकरा युनिटं पुढे गेला होता. म्हणजे दिवसरात्र साधारण ४८० वॅट कोणीतरी खात होतं. कोण, हे शोधायचं काम एका गटाने अंगावर घेतलं. त्याबद्दल पुढे.

ऑगस्टच्या मध्यावर खोकी आली: सहा व्होल्ट, एक वॅटचे छोटे सौर फलक, मल्टिमीटर, रोधक (रेझिस्टर), छोट्या डीसी मोटरी, एलईडी, हाताने फिरवायचे दोन जनित्र, मगरचिमटे. या यादीत सगळ्यात महाग मल्टिमीटर ठरले आणि सगळ्यात जास्त त्रासही त्यांनीच दिला. विद्युतधारा मोजायच्या जागी प्रोब ठेवून कुणी बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्ट) मोजायला गेलं की आतला फ्यूज उडतो, आणि चाळीस मुलांत असं कुणीतरी रोज असतंच. दाब बरोबर दाखवतो पण धारा कायम शून्य, असा मल्टिमीटर दिसला की समजावं. २०० मिलिअँपिअरचे जादा फ्यूज पहिल्याच खरेदीत घाला; नंतर तेवढ्यासाठी वेगळं दरपत्रक मागवायची वेळ येते. रोधक घेताना पाव वॅटचे नकोत, दोन वॅटचे घ्या. पाव वॅटचा रोधक उन्हातल्या फलकाला जोडला तर बोटं भाजतील इतका तापतो.

खोकी आली आणि आभाळ भरून आलं. दोन आठवडे सौर तास पुढे ढकलत राहिलो. एका तासाला मी वैतागून खोलीतच फलक वाटले, आणि तो तास कामाचा निघाला. ट्यूबच्या उजेडात फलकाचा दाब चार व्होल्टच्या वर दाखवत होता. ‘बाई, चालतंय की!’ मग धारा मोजली. धड एक मिलिअँपिअरही नाही. मोटर हलेना, एलईडी नावापुरती मिणमिणली. आपल्या डोळ्यांना खोली चांगली उजळलेली वाटते, पण वर्गातला प्रकाश तीन-चारशे लक्स असतो आणि भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास. डोळा हा फरक लपवतो, अँपिअरमापक लपवत नाही. नंतर हॅलोजनचा दिवा लावला तर धारा लगेच वाढली. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात आणि सिलिकॉनला ते सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत चालतात. पांढऱ्या एलईडीत ते जवळजवळ नसतातच. म्हणजे ढगाळ दिवसासाठी एक जुना हॅलोजन कपाटात ठेवा, पण मुलांपासून हातभर लांब. तो चांगलाच तापतो.

सप्टेंबरमध्ये ऊन मिळालं. पहिल्या जोडतासात मी मुद्दाम काही शिकवलं नाही. फलक घ्या, मोजा, जास्तीत जास्त धारा कशी मिळते ते शोधा, एवढंच सांगितलं. फलकाला काटकोनात पेन्सिल टेकवायची आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत फलक कलवायचा, ही युक्ती एका गटाने स्वतःच काढली. मग कोनमापक आला. सूर्यापासून साठ अंश वळवल्यावर धारा निम्म्याजवळ आली, आणि त्रिकोणमितीच्या तासाला जे मूल ‘कोसाइनचा उपयोग काय’ म्हणायचं त्यानेच आकडा आधी ओळखला.

सगळ्यात रंगला तो अंगठ्याचा प्रयोग. सहा व्होल्टच्या फलकात बारा पट्ट्या एकसर जोडलेल्या असतात, प्रत्येकीचा साधारण अर्धा व्होल्ट. त्यातली एकच पट्टी अंगठ्याने पूर्ण झाकायची. बाराव्या भागाइतकी घट होईल असं बहुतेकांनी लिहिलं होतं. धारा जवळजवळ शून्यावर आली. पाण्याच्या पाइपवर एकाच जागी पाय द्यावा, तसं. एका मुलीने चार-पाच वेळा अंगठा ठेवून-काढून पाहिला, मग मल्टिमीटर बदलून पाहिला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. छपरावरच्या मोठ्या फलकांत यासाठी झाकलेल्या पट्ट्यांना वळसा घालून धारा जाऊ देणारे बायपास डायोड बसवतात, हे तिला आता सांगता येत होतं. आधी सांगितलं असतं तर ती नुसती वहीत ओळ झाली असती.

उष्णतेचा प्रयोग साधा आहे पण त्याला संयम लागतो. सावलीत थंड ठेवलेला फलक उन्हात आणायचा आणि काही न जोडता दर मिनिटाला दाब लिहायचा. आमचा ६.९ व्होल्टवरून दहाएक मिनिटांत ६.४ वर आला. ऊन तेच, फलक तापला. सिलिकॉनच्या प्रत्येक पट्टीचा दाब अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो. जास्त तापलं की जास्त वीज, हा समज मुलांचा होता तसा शिक्षकखोलीतल्या काही जणांचाही होता.

मग फलकाला उन्हात वेगवेगळे रोधक जोडून शक्ती मोजली. दहा ओहमला अगदी थोडी शक्ती, तेहतीसला पाच व्होल्ट आणि दीडशे मिलिअँपिअर, म्हणजे पाऊण वॅट; शंभरला पुन्हा निम्म्यावर. आलेख काढला की मधे टेकडी येते. ‘फलकावर एक वॅट छापलंय, मग पाऊणच का?’ हा प्रश्न यायलाच हवा आणि आला. छापील आकडा दर चौरस मीटरला हजार वॅट प्रकाश आणि फलकाचं तापमान २५ अंश, अशा ठरीव परिस्थितीतला असतो. आमचा फलक हाताला चटका देत होता.

यानंतर जे गणित केलं तिथे वर्गाचा उत्साह थोडा उतरला. पाऊण वॅट, रोज पाच तास चांगलं ऊन, तर एक युनिट साठायला किती दिवस? अडीचशेहून जास्त. ‘मग याचा काय उपयोग?’ असं कुणीतरी म्हणालंच. अशा वेळी आपण घाईघाईने मोठ्या सौर प्रकल्पांची चित्रं दाखवतो. मी फक्त पट्टी दिली आणि फलक मोजायला सांगितला. अकरा सेंटिमीटर बाय सहा, म्हणजे ६६ चौरस सेंटिमीटर. एवढ्या जागेवर साडेसहा वॅटच्या आसपास ऊन पडतं, त्यातलं आपण पाऊण मिळवलं. कार्यक्षमता सुमारे ११ टक्के. १९५४ मध्ये बेल लॅबोरेटरीजने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट जगापुढे आणला तेव्हा ती ६ टक्के होती, आणि आजचे छपरावरचे चांगले फलक २० टक्क्यांच्या पुढे आहेत. २० टक्के धरले तर एक चौरस मीटर फलक पाच तासांच्या पूर्ण उन्हात एक युनिट देतो. एका मुलाने जिन्याची वही उघडली. तीन हजार वेळा जिना चढणं आणि एका चौरस मीटरची पाच तासांची उन्हं, दोन्ही एकाच ओळीत लिहिलं. लगेच दुसऱ्याने विचारलं, मग रविवारच्या साडेअकरा युनिटांना साडेअकरा चौरस मीटर लागतील का, तेही शाळा बंद असताना? हो, आणि ढग नसतील तर. मला जे शिकवायचं होतं त्यातलं बहुतेक या एका प्रश्नात आलं.

हाताने फिरवायच्या जनित्राबद्दल एवढंच सांगते की आधी एलईडी जोडा, मग जुना तंतूचा दिवा. दांडा एकदम जड होतो. दिवा काढला की हलका. फॅरेडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तन १८३१ मध्ये दाखवलं हे मुलं पाठ म्हणतात. वीज मागितली की हाताला ओढ लागते, हे त्यांना दांड्याने सांगितलं. सायकलवर बसलेला माणूस तासभर नेटाने शंभर वॅट देत राहिला तर एक लिटर पाणी जेमतेम उकळेल, तेही उष्णता कुठे वाया गेली नाही तर, हे गणित त्याच दिवशी केलं.

पवनचक्की ऑक्टोबरात. पुठ्ठ्याची पाती, बुचात खोचलेली, डीसी मोटरच्या दांड्यावर. समोर टेबलफॅन. पाती सुटून उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मे आणि फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही, हा नियम कडक ठेवा. वीज किती मिळाली? बहुतेक गटांना अर्ध्या व्होल्टच्या आत. लाल एलईडीलासुद्धा पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, त्यामुळे ती कुणाचीच पेटली नाही. या छोट्या मोटरी फार वेगाने फिरल्या तरच दाब देतात. रबरबँड आणि दोन वेगवेगळ्या कप्प्या लावून वेग वाढवता येतो, पण मग पाती थांबतात. मी दोन मोटरी एकसर जोडून किंवा आतून बॅटरी देऊन दिवा पेटल्याचा देखावा केला नाही. काही आराखड्यांत तसं सुचवलेलं असतं. ते करू नका. अर्धा व्होल्ट आला तर वहीत अर्धा व्होल्ट लिहा आणि कारण शोधा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. फॅनच्या एक नंबरवर पाती का हलत नव्हती हे यावरून कळलं. उरलेल्यातलंही सगळं घेता येत नाही: सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यांमागे थांबून राहील. त्याची वरची मर्यादा ५९.३ टक्के, ती आल्बर्ट बेट्झच्या नावाने ओळखली जाते. पाती चारावरून तीनवर आणली, त्यांचा कल कमी केला, तेव्हा एका गटाचा आकडा जवळपास दुप्पट झाला. एलईडी मात्र तरीही पेटली नाही, आणि त्या गटाने प्रदर्शनात तोच तक्ता लावला.

हवामानबदलाकडे वळताना माझ्या मनावर जास्त ताण होता. इथे ‘प्रयोग’ म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं बरंचसं कच्चं आहे. दोन बाटल्या, एकीत सोडा आणि व्हिनेगरने बनवलेला कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, आणि कार्बन डायऑक्साइडची बाटली जास्त तापते, हा प्रयोग सगळीकडे आहे. मी तो घेतला नाही. २०१० मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अशाच मांडणीत आरगॉन भरून पाहिला, तर तोही तसाच तापला. आरगॉन अवरक्त किरण शोषत नाही, तो फक्त हवेपेक्षा जड आहे. जड वायू वरच्या हवेत मिसळत नाही म्हणून उष्णता आत अडकते. निष्कर्ष खरा, कारण चुकीचं. शिकवायला याहून वाईट जोडी नाही.

याला पर्याय अनपेक्षित ठिकाणी मिळाला: कार्बन डायऑक्साइड मोजायचा साधा मीटर. घेताना तो एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या प्रकारचा आहे याची खात्री करा. स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात आणि बिनदिक्कत आकडा दाखवतात. एनडीआयआरच्या आत एक अवरक्त दिवा असतो, समोर संवेदक, आणि मधल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण जितके शोषेल तितका आकडा वाढतो. म्हणजे हा वायू अवरक्त किरण अडवतो याचा पुरावाच त्या डबीत आहे. तो अडवत नसता तर मीटर चाललाच नसता. आम्ही आधी तो बाहेर मोकळ्या हवेत ठेवला, दशलक्षात चारशेतीस भागांच्या आसपास स्थिरावला. मग दारं-खिडक्या लावून तास सुरू. तास संपताना १,६००. या आकड्याचा खोलीच्या तापमानाशी संबंध नाही, तो कोंदटपणाचा आकडा आहे, हे दोनदा सांगावं लागलं. खिडक्या उघडल्यावर तो कसा उतरतो ते मुलं मधल्या सुटीतही बघत बसली.

इतिहास त्याला जोडूनच आला. १८५६ मध्ये युनिस फुट यांनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे नोंदवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी उष्णतेचे किरण नेमके कोणते वायू शोषतात ते मोजलं. १८९६ मध्ये स्वांते आऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हाताने केलं. पुढचे तास भूगोलाच्या सरांचे. त्यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे छापून मुलांकडून आलेख काढून घेतला. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू केली तेव्हा दशलक्षात ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर. तयार आलेख दाखवला असता तर मुलांनी मान डोलावली असती. स्वतः ठिपके मांडताना मधेच आकडा दरवर्षी उतरतो हे दिसलं आणि ‘सर, हे चुकलंय’ अशी तक्रार झाली. उत्तर गोलार्धातली झाडं वाढीच्या काळात वायू ओढून घेतात, म्हणून तो करवतीसारखा दातेरी दिसतो, हे मग सांगता आलं.

बर्फाचा प्रयोग करणार असाल तर सकाळच्या पहिल्या तासाला मांडून ठेवा, वितळायला आपल्या अंदाजापेक्षा जास्त वेळ जातो. एका भांड्यात तरंगता बर्फ, दुसऱ्यात दगडावर ठेवलेला. पहिल्याची पातळी जागची हलत नाही, दुसऱ्याची चढते. बारीक नळी लावलेल्या चंबूत रंगीत पाणी तापवलं की तेही चढतं. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची जी पातळी वाढली त्यातली सुमारे निम्मी वाढ अशा प्रसरणाचीच आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू या आम्ल ओळखणाऱ्या दर्शकाच्या निळ्या द्रावात नळीने फुंकर घालून तो पिवळा करायचा प्रयोग लोकप्रिय आहे. नळीला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा, म्हणजे चुकून ओढलं तरी द्राव तोंडात जात नाही.

एका मुलीने शेवटच्या आठवड्यात विचारलं, ‘बाई, आता उशीर झालाय ना?’ माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तापमान २०११ ते २०२० या दशकात औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे १.१ अंशाने जास्त होतं आणि त्यानंतर आणखी वाढलं आहे, ते किती वाढून थांबेल हे अजून ठरलेलं नाही, आणि दशांश अंशानेही फरक पडतो, एवढंच सांगितलं. तिने ते लिहून घेतलं नाही. ती रविवारच्या युनिटांच्या गटात होती.

त्या गटाने तोवर कारण शोधलं होतं. पाण्याचा कूलर चोवीस तास चालू असायचा, संगणक कक्षातली दोन यंत्रं कधीच बंद होत नव्हती, आणि प्रयोगशाळेतला फ्रिज. मुलांनी कूलरला टायमर बसवावा असा अर्ज केला, सोबत मीटरच्या नोंदी जोडल्या. कार्यालयाने आवक क्रमांक दिला. टायमरचा निर्णय पुढच्या खरेदीत, असं उत्तर आलं. तोपर्यंत मामा शनिवारी जाताना कूलरचं बटण बंद करतात. पुढच्या नोंदीत रविवारचा आकडा सहाच्या आसपास होता, आणि उरलेले सहा कुणाचे यावर सध्या संगणक कक्षाशी बोलणी चालू आहेत.

साहित्य आवरताना मल्टिमीटरच्या बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर गळतात. फलकांच्या वायरी मुळाशी तुटतात, तिथे गरम गोंदाचा थेंब आधीच लावा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर अधूनमधून मोकळ्या हवेत ठेवावा लागतो, कारण त्यातले बरेचसे स्वतःला बाहेरच्या हवेवरून जुळवून घेतात. सहा महिने बंद कपाटात राहिला तर पहिले आकडे खरे धरू नका. धोक्याचा तक्ता आणि मोजणीचे कोरे तक्ते मी फाइलला लावले आहेत, पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्याने फक्त तारीख बदलायची.